मशीन बिघडलं की पाणी अडलं?

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस उरले असताना आमचं वॉशिंग मशीन अर्ध्यातच थांबलं. काचेच्या दारातून आत पाणी दिसत होतं, पाण्यात गोधडी होती आणि दार काही केल्या उघडेना.

गोधडी साधी नव्हती. सासूबाईंच्या आईने जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली, एकेक टाका हाताने घातलेला. पणतीसाठी म्हणून आई ती सांगलीहून बॅगेत घालून घेऊन आल्या होत्या. प्रवासात वास लागला म्हणून त्यांनी ती मशीनला लावली, एकटीच, आणि 'नीट निघू दे' म्हणून साबण जरा सढळ हाताने घातला. पाऊण तासाने गराजमधून धाडधाड आवाज आला. मला आधी भूकंपच वाटला. हेवर्ड फॉल्ट आपल्या फ्रीमाँटखालून जातो, त्यामुळे इथे राहणाऱ्याच्या मनात पहिला विचार तोच येतो. धावत गेले तर मशीन जागचं वीतभर पुढे सरकलेलं, आणि गप्प.

"अगं, माझ्याच हातून मोडलं बघ ते," आई म्हणाल्या. मी "नाही हो आई, जुनंच झालंय" असं म्हटलं खरं, पण त्यांना ते पटलं नाही.

नवरा ऑफिसच्या कामासाठी टेक्सासला. दुरुस्तीसाठी फोन लावला तर पहिली वेळ पुढच्या गुरुवारची. नुसतं येऊन बघायचे शंभरावर डॉलर, काम निघालं तर ते वेगळे. मशीन आठ वर्षांचं आहे म्हटल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "मग नवीनच घेतलेलं बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आई बाथटबच्या काठावर बसून बादलीत कपडे चोळत होत्या. स्वतःचे, नातीचे, माझेसुद्धा. पासष्टी उलटलेल्या बाईने गुडघे दुखत असताना, अमेरिकेत, अपराधी चेहऱ्याने कपडे धुवावेत, हे मला मशीन बंद पडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री लेक झोपल्यावर मी मॅन्युअल काढून बसले. चाळीस मिनिटांनी पाणी निघालं, दार उघडलं, गोधडी हातात आली. खर्च शून्य. मी एमए झाले ते मराठीत. विजेचा आणि माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण लग्नाआधी चार वर्षं शाळेत शिकवलं होतं, आणि त्यातली एकच सवय त्या रात्री उपयोगी पडली. मुलाचं गणित चुकलं की नुसती फुली मारायची नाही. तो कितव्या पायरीवर चुकला ते शोधायचं.

मशीनचंही तसंच आहे. गेल्या वर्षभरात आमच्या आणि मैत्रिणींच्या घरी मिळून जे पाहिलं, त्यावरून माझं मत असं झालंय की ज्याला आपण 'मशीन बिघडलं' म्हणतो, त्यात पुष्कळदा मशीन बिघडलेलं नसतंच. पाणी कुठेतरी अडलेलं असतं.

आधी क्रम लक्षात घ्या

मशीन काहीही धुवो, क्रम ठरलेला असतो. दाराला कुलूप लागतं, पाणी भरतं, ड्रम फिरतो, पाणी बाहेर जातं, पुन्हा स्वच्छ पाणी भरून कपडे खंगाळले जातात, ते पाणी जातं, आणि शेवटी ड्रम जोरात फिरून कपडे पिळले जातात. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय मशीन पुढच्या पायरीवर जात नाही. म्हणून पहिला प्रश्न 'काय बिघडलं?' हा नाही. 'कुठवर येऊन थांबलं?' हा आहे.

यातून एक मोठा घोटाळा सुटतो. कपडे पिळले जात नाहीत, आत पाणी तसंच आहे, दारही उघडत नाही, अशा तीन तक्रारी एकदम आल्या की वाटतं, संपलं मशीन. पण पाणी बाहेर गेलं नाही म्हणून ते पिळत नाही, आणि पाणी आत आहे म्हणून दार उघडत नाही. तक्रारी तीन, कारण एक.

पडद्यावर जी अक्षरं दिसतात तीही बहुधा पायरीच सांगत असतात. एलजीच्या मशीनवर 'ओई' म्हणजे पाणी जात नाही, 'आयई' म्हणजे पाणी येत नाही, 'यूई' म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत, 'डीई' म्हणजे दार. सॅमसंगवर '५सी' म्हणजे पाणी जात नाही (पाचाचा आकडा एस अक्षरासारखा दिसतो, फसू नका), '४सी' म्हणजे पाणी येत नाही. व्हर्लपूलच्या बऱ्याच मशीनवर 'एफ ८ ई १' पाणी भरण्याचा आणि 'एफ ९ ई १' पाणी काढण्याचा. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर बघून त्याच मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. आणि हात घालायच्या आधी प्लग काढा. हा नियम पुढच्या प्रत्येक परिच्छेदाला लागू आहे, दरवेळी लिहीत नाही.

पाणी जात नाही

आमचा दोष इथेच होता. पुढून दार असलेल्या बहुतेक मशीनला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे गोल मुठीचा फिल्टर. काही अमेरिकन मॉडेलमध्ये झाकण नसतं, खालची अख्खी पट्टीच स्क्रू काढून उतरवावी लागते. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये असा हाताने काढता येणारा फिल्टर बहुधा नसतो.

गरम पाण्याची धुलाई असेल तर आधी निवू द्या. जुने टॉवेल आणि एक उथळ ताट घ्या. आमच्याकडे फराळाची चकल्या सुकवायची मोठी ॲल्युमिनियमची परात कामी आली. फिल्टरशेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी तिच्यातून पाणी सोडा. पाणी खूप निघतं. मी सोळा वेळा परात रिकामी केली. मग फिल्टर डावीकडे, हळूहळू फिरवत काढा. एकदम काढलात तर गराजचा पंचगंगेचा घाट होईल.

आमच्या फिल्टरमधून निघालेली यादी: दोन क्वार्टर, केसांची एक पिन, लेकीच्या बाहुलीचा बूट, कुठल्याशा पावतीचा लगदा आणि यांच्याभोवती गुंडाळलेला दोऱ्यांचा बोळा. मी ते सगळं ताटलीत मांडून आईंना दाखवलं. "यातलं तुमचं फक्त दोरे. बाकी सगळं आमचं, आठ वर्षांचं." त्या बराच वेळ त्या बाहुलीच्या बुटाकडे बघत होत्या. मग पहिल्यांदा हसल्या.

फिल्टर काढल्यावर आत बॅटरीचा प्रकाश टाकून पंपाचा छोटा पंखा बघा. बोटाने फिरवला तर तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. ते चुंबकामुळे, तो दोष नाही. त्याच्याभोवती केस किंवा धागा गुंडाळलेला असेल तर चिमट्याने काढा. फिल्टर परत लावताना नीट आट्यात बसवून घट्ट फिरवा, नाहीतर पुढच्या धुलाईला तिथूनच गळेल.

फिल्टर स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मागची सांडपाण्याची नळी बघा. मशीन भिंतीला रेटून लावलं की ती चेपते. पंपाचा घूंऽऽ असा आवाज येतो पण पाणी हलत नाही, तर कुठेतरी अडलंय. आवाजच येत नाही, तर पंप गेलेला असू शकतो. उलट कधी कधी ही नळी भिंतीतल्या पाइपात खूप खोल खुपसलेली असते. मग पाणी भरता भरताच आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं, आणि मशीन बिचारं भरतच बसतं. म्हणजे 'पाणी भरत नाही' या तक्रारीचं मूळ कधी कधी बाहेर जाणाऱ्या नळीत सापडतं.

पाणी येत नाही

भारतात आपल्या मशीनला बहुधा थंड पाण्याचा एकच नळ. इथे मागे दोन नळ्या असतात, गरम आणि थंड. याचा शोध घ्यायला छान उपयोग होतो. एकदा फक्त थंड पाण्यावर लावून बघा, एकदा फक्त गरम. एकावर चालतंय आणि दुसऱ्यावर अडतंय, तर मशीन ठीक आहे, त्या एका बाजूची वाट तुंबली आहे.

आधी नळ पूर्ण उघडे आहेत ना, बघा. हसू नका. एका मैत्रिणीकडे रंगकामाला आलेल्यांनी नळ बंद केले होते आणि ती नव्या मशीनचे भाव बघत बसली होती. मग नळ बंद करून नळ्या सोडवा. जिथे नळी मशीनला लागते तिथे आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. तिच्यावर वाळू आणि पांढरे कण साचतात. पकडीने हलकेच ओढून काढा, जुन्या टूथब्रशने नळाखाली धुवा, परत बसवा. जाळीच काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा. ती नसेल तर तोच कचरा आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. नळी परत लावताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना, तेवढं बघा.

मशीन नाचतं

गोधडी भिजली की तिचं वजन काही पटींनी वाढतं. एकच जड वस्तू ड्रमच्या एका बाजूला बसली की जोरात फिरताना सगळा तोल तिकडे जातो. मशीन दोनचार वेळा ती पसरवायचा प्रयत्न करतं, मग हात टेकतं. गोधडी, पायपुसणं, एकटी जीन्स, सगळ्यांचं हेच. सोबत दोन-तीन टॉवेल टाका, म्हणजे वजन वाटलं जातं. उलट ड्रम ठासून भरलात तरी कपड्यांना हलायला जागा उरत नाही.

एकटी गोधडी नसतानाही मशीन नाचत असेल तर पाय बघा. मशीनच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे. गराजच्या जमिनीला बहुधा थोडा उतार असतो, त्यामुळे आपल्या घरांत हे हमखास होतं. पाय फिरवून उंची जुळवा. पाणसळ नसली तरी फोनमधली लेव्हल चालते. आणि पायावरचं चाकीसारखं नट वर, मशीनच्या अंगाला घट्ट आवळा. ते राहिलं तर चार धुलाईंत पाय पुन्हा फिरतो.

नवंकोरं मशीन पहिल्याच दिवशी थयथयाट करत असेल तर मागे वाहतुकीचे बोल्ट तसेच राहिले असतील. ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यात ते लावतात आणि घरी बसवताना काढायचे असतात. काढल्यावर फेकू नका. आपण मंडळी दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतो, त्या वेळी ते पुन्हा लावायचे असतात.

दार आणि वीज

धुलाई संपल्यावर दार लगेच उघडलं नाही तर एक-दोन मिनिटं थांबा. बऱ्याच मशीनमध्ये कुलपातला भाग थंड झाल्यावरच ते सुटतं. जोर लावला तर मूठ तुटते आणि खरंच खर्च येतो. बटणं दाबून काहीच होत नसेल तर आधी 'चाइल्ड लॉक' लागलंय का बघा. घरात चार वर्षांचं मूल असेल तर उत्तर बहुधा तेच.

मशीनला वीजच नाही, तर त्याच सॉकेटमध्ये दिवा लावून बघा. दिवाही लागत नसेल तर दोष मशीनचा नाही. गराजमध्ये टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असलेलं सॉकेट शोधा. एक सॉकेट उडालं की त्याच्या पुढच्या ओळीतली सगळी बंद होतात, आणि ते उडालेलं सॉकेट भलत्याच भिंतीवर असू शकतं. मग पॅनेलमधला ब्रेकर आधी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. तो वारंवार पडत असेल तर मात्र तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाण्याचं काम आपलं, विजेचं नाही.

साबण, वास आणि आपलं पाणी

आईंनी साबण सढळ हाताने घातला यात त्यांचं चुकलं नाही. आपल्याला फेस दिसला की कपडे निघाले असं वाटतं. पण इथली पुढच्या दाराची मशीन अगदी कमी पाण्यात धुतात. जास्त फेस झाला तर तो ड्रमला धरून ठेवतो आणि पंपात पाण्याऐवजी फेसच जातो. पाणी निघत नाही, मशीन थांबतं. त्यासाठी इथे 'एचई' लिहिलेला, कमी फेसाचा साबण मिळतो, आणि नेहमीच्या धुलाईला तो दोन टेबलस्पून पुरतो. बाटलीचं टोपण भरून घालायची गरज नाही.

किती साबण लागतो हे पाण्यावरही ठरतं. फ्रीमाँट, न्यूअर्क आणि युनियन सिटीला अलामेडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट पाणी पुरवतं. ही संस्था १९१४ पासूनची. तिच्याकडे हेच हेचीचं सिएरा पर्वतातलं मऊ पाणी येतं, डेल्टाकडून येणारं राज्याच्या प्रकल्पाचं पाणी येतं, आणि आपल्या पायाखालच्या नाइल्स कोनमधलं भूजलही येतं. भूजल जड, म्हणून त्यात मऊ पाणी मिसळून ते देतात. तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या मैत्रिणीच्या नळ्यांपेक्षा आपल्या नळ्यांवर पांढरा थर लवकर चढतो, तो यामुळे. आपल्या पाण्याचा जडपणा किती, ते त्यांच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं.

वास येत असेल तर दाराभोवतीच्या रबराची घडी उलटून बघा. केस, लिंट आणि काळपट बुरशी सापडेल. ओल्या फडक्याने पुसा, धुलाईनंतर दार थोडं उघडं ठेवा, आणि महिन्यातून एकदा रिकाम्या ड्रमवर गरम पाण्याची 'टब क्लीन' धुलाई करा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवताना गराजचं दार बंद ठेवा. मुलं ड्रममध्ये शिरतात. आणि ब्लीच वापरलंत तर त्याच वेळी व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही घालू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

गळती, आणि भारतात जाण्यापूर्वी

पाणी कुठून गळतंय ते जमीन कोरडी करून, खाली वर्तमानपत्र अंथरून बघा. पुढून आलं तर बहुधा दाराचं रबर किंवा फिल्टर. वरच्या कोपऱ्यातून आलं तर साबणाचा खण तुंबलाय. तो ओढून काढा आणि गरम पाण्यात घासा. मागून आलं तर नळ्या. बरोबर मध्यातून, ड्रमखालून आलं तर तंत्रज्ञ.

मागच्या नळ्या साध्या रबराच्या असतील तर बदलून स्टीलच्या जाळीच्या लावा, आणि त्याही साधारण पाच वर्षांनी बदला. त्यांच्यात नळाचा पूर्ण दाब चोवीस तास असतो, मशीन बंद असलं तरी. म्हणून डिसेंबरात महिनाभर भारतात जाताना गॅस बघतो, खिडक्या बघतो, तसे मशीनचे दोन्ही नळही बंद करून जा. वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हे एक वाक्य कापून मशीनवर चिकटवा.

अभ्यंगाचे टॉवेल

दिवाळी अंकात हे लिहायलाच हवं. अभ्यंगस्नानाचे तेलकट टॉवेल आणि फराळाच्या तळणीची फडकी एकदा धुऊन सरळ ड्रायरमध्ये टाकू नका. खाद्यतेलाचा अंश कापडात राहिला तर हवेशी संयोग होऊन त्यातून उष्णता निघत राहते. ड्रायरमधून काढलेल्या गरम कपड्यांचा ढीग तसाच पडला तर ती उष्णता आत कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं. ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा दिलेला असतो, आपण वाचत नाही. असे कपडे गरम पाण्यात, जास्त साबणाने दोनदा धुवा आणि दोरीवर वाळवा. फ्रीमाँटचं ऊन त्यासाठी पुरेसं आहे. लिंटची जाळी तर प्रत्येक वेळी साफ करायची, हे सांगायला नकोच.

कुठे थांबायचं

पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर येते, दिवसेंदिवस वाढते, आणि रिकामा ड्रम हाताने फिरवला तरी खरखर लागते, तर बेअरिंग गेलंय. ते काम मोठं. जळका वास, मोटर, कंट्रोल बोर्ड, गॅसचा ड्रायर, यांना हात लावायचा नाही. माझा घरगुती हिशेब असा: दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त आणि मशीन दहाच्या पुढे, तर निरोप द्यावा. नाहीतर दुरुस्त करावं.

तंत्रज्ञ बोलावताना तो कॅलिफोर्नियाच्या ब्यूरो ऑफ हाउसहोल्ड गुड्स अँड सर्व्हिसेसकडे नोंदलेला आहे का, ते बघा आणि अंदाजपत्रक लेखी मागा. सिनेट बिल २४४ नावाचा 'राइट टू रिपेअर' कायदाही १ जुलै २०२४ पासून इथे लागू झालाय. १ जुलै २०२१ नंतर बाजारात आलेल्या, शंभर डॉलर किंवा जास्त घाऊक किमतीच्या उपकरणांचे सुटे भाग, अवजारं आणि दुरुस्तीची माहिती ते मॉडेल बनणं थांबल्यावरही सात वर्षं कंपनीने रास्त अटींवर द्यायची आहे, आणि ती फक्त स्वतःच्या दुकानांना नव्हे, तर ग्राहकालाही. 'याचा भाग आता मिळत नाही' हे ऐकून लगेच मान डोलवायची नाही.

तंत्रज्ञ आला तर त्याला 'चालत नाही' एवढंच सांगू नका. 'पाणी भरतं, धुतं, पण दुसऱ्यांदा पाणी काढताना थांबतं; फिल्टर साफ केलाय, पंपाचा आवाज येत नाही' असं सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो, आणि समोरच्या बाईला काही कळत नाही असं धरून तो बोलत नाही.

त्या रविवारी रात्री गोधडी आम्ही दोघींनी बाथटबमध्ये खंगाळली, सोबत तीन टॉवेल घालून मशीनमध्ये पिळली आणि सकाळी मागच्या कुंपणावर वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी आईंनी बादली काढली नाही. मशीनपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ते गोल झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, मला एकदा तुझ्यासमोर करू दे." मी बाजूला झाले. त्यांनी परात लावली, पदर खोचला आणि फिल्टर डावीकडे फिरवला.

फेब्रुवारीत त्या सांगलीला परतल्या. मेमध्ये फोन आला. शेजारच्या घरी मशीन बंद पडलेलं, दार उघडत नव्हतं, आणि त्या घरच्या सुनेला सगळे बोलत होते. आईंनी आधी विचारलं, "पाणी आत आहे का?" मग परात मागवली. फिल्टरमध्ये दोन रुपयांची तीन नाणी आणि एक लग्नाचा बिल्ला निघाला. "सुनेचं त्यात काहीच नव्हतं गं," आई मला म्हणाल्या. "मी सगळ्यांना ताटलीत मांडून दाखवलं."